व्याह्यांना बसलेला ठोसा

मुष्टियुद्धात मी आजवर एकाच गृहस्थांना आडवे केले आहे, आणि ते माझे व्याही आहेत.

विषय नीट समजावा म्हणून आधी थोडी मांडणी करतो. (आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवली, ‘पक्ष’ मांडल्याशिवाय ‘साध्या’कडे वळणे मला जमत नाही.) आमची गौरी पैठणला दिली आहे. जावई महेशराव चिकलठाण्याच्या कारखान्यात नोकरीला. रोज एसटीने जाणे-येणे. रात्री घास हातात धरूनच बिचाऱ्यांचा डोळा लागतो. म्हणून दोघांनी कारखान्यापासून जवळच, आमच्या पुंडलिकनगरात दोन खोल्या पाहून ठेवल्या होत्या. हा झाला पक्ष. साध्य एकच : गौरीच्या सासऱ्यांचा, म्हणजे भगवानरावांचा, होकार!

भगवानराव मनाने मोठे, पण मानाच्या बाबतीत फार हळवे. लग्नात त्यांचा फेटा बांधायला उशीर झाला, तर पंगतीत ते अवाक्षर बोलले नाहीत आणि जिलेबीला त्यांनी बोटही लावले नाही. असे भगवानराव त्या रविवारी आमच्याकडे जेवायला येणार होते.

“जेवण झालं की मी विषय काढते,” आदल्या दिवशीच माहेरी आलेली गौरी म्हणाली. “तोवर मामांना खूश ठेवा. बाकी काहीसुद्धा करू नका, बाबा!”

मी खरोखरच काही करत नव्हतो. महेशरावांचा व्हिडिओ गेम गौरीने सोबत आणला होता, त्यातले मुष्टियुद्ध खेळून पाहत होतो इतकेच. या खेळाचा मी हौशी चाहता आहे. मला त्यातल्या तीन गोष्टी पक्क्या ठाऊक आहेत. हातमोजे घालतात, पडलेला माणूस दहा अंक मोजेपर्यंत उठला नाही तर हरतो, आणि हार पत्करायची असेल तर त्याच्याच बाजूची माणसे रिंगणात टॉवेल फेकतात. एवढ्या ज्ञानाच्या बळावर मी बनियनवर टीव्हीसमोर उभा राहून ठोसे चुकवत होतो. (बटण दाबताना स्वतः वाकण्याची गरज नसते. तरीही मी वाकत होतो.)

तेवढ्यात दारातून आवाज आला, “सर, अंगात आलं की काय?”

भगवानराव! ठरल्या वेळेच्या चांगले तासभर आधी!

मी धावत जाऊन सदरा चढवला. परत येतो तो ते पडद्यासमोर उभे.

“कुस्ती व्हय ही?”

“मुष्टियुद्ध. आपणच खेळायचे असते.”

“मंग खेळू की! तरणा होतो तवा जत्रंत लई फड मारलेत आपण.”

गौरीने दुसरा रिमोट त्यांच्या हाती दिला आणि माझ्याकडे असे पाहिले, जसे मी परीक्षेत कॉपी करणाऱ्यांकडे पाहत असे. मी नियम समजावले, “लक्षात घ्या, हे बटण म्हणजे डावा हात, हे उजवा. शंका?” शंका नव्हती. घंटा झाली.

“हं, भगवानराव, मारा.”

“छे छे! आधी तुम्ही.”

“आपण पाहुणे. पहिला मान आपला.”

“सोयऱ्याच्या अंगावर पहिला हात? आमच्यात नाय चालत, सर.”

पडद्यावरचे दोघे धिप्पाड पुरुष हात खाली सोडून एकमेकांकडे आदराने पाहत राहिले. पहिली फेरी संपली. दुसरीही संपली! पडद्यातले प्रेक्षक ओरडू लागले. स्वयंपाकघरातून आमच्या हिने हळूच सांगितले, “अहो, त्यांनाच जिंकू द्या बरं!” (हिचे ‘हळूच’ शेजारच्या गल्लीपर्यंत पोहोचते.)

मग ती चहा घेऊन आली. भगवानरावांनी रिमोट मांडीवर ठेवून कप घेतला. मीही कपाला हात घातला. पण दुसऱ्या हातातला रिमोट निसटू लागला, तो मी घट्ट आवळला, आणि...

धप्प!

व्याही उताणे पडले! म्हणजे पडद्यावरचे. पंच मोजू लागला. त्यांना उठवावे म्हणून मी दिसेल ते बटण दाबले, तर माझा पठ्ठ्या दोन्ही हात उंचावून त्यांच्याभोवती नाचायला लागला! दहा झाले. मग तो ठोसा संथ गतीत पुन्हा दाखवला गेला. समोरून, बाजूने, वरून.

भगवानरावांनी कप खाली ठेवला. तडक उठले, चपला घातल्या आणि फाटकाबाहेर गेले.

“बाबा!” गौरीचे डोळे भरले. “काय केलंत हे! आता कसल्या खोल्या अन् कसलं काय!”

हिने कपाटातून टॉवेल, टोपी, नारळ ओढून काढले. “आहेर तरी द्या हो, तसेच नका जाऊ देऊ!” मी एका पायात चप्पल घालून धावलो. भगवानराव फाटकाबाहेर उभ्या असलेल्या आपल्या जीपमध्ये अर्धे वाकले होते. सरळ झाले, तेव्हा त्यांच्या हातात चष्म्याची डबी होती.

“चष्म्याबिगर लढायलो होतो, सर! एकाची दोन-दोन माणसं दिसायली. आपलं कोणतं तेच कळंना! चला आता. आन् ताईनं सैपाकघरातनं तुम्हाला सांगितलेलं मी ऐकलंय. मुद्दाम हारायचं नाय. खरं खेळायचं!”

माझा जीव भांड्यात पडला. मी खरे खेळलो. अत्यंत प्रामाणिकपणे, सर्व शक्ती पणाला लावून हरलो. आणि पुन्हा हरलो. व्याह्यांचा चेहरा असा फुलला की गौरीने जेवणाचीही वाट पाहिली नाही.

“मामा, इथं पुंडलिकनगरात दोन खोल्या बघितल्यात...”

“घ्या की!” (ठोसा.)

“ह्यांचं रोजचं जाणं-येणं...”

“व्हय, लई हाल व्हायलेत पोराचे. मीच म्हणणार होतो.” (ठोसा.) “पर हे यंत्र तिथंच ठिवा. दर रविवारी येत जाईन.” (मी आडवा.)

त्या दिवशी भगवानरावांनी जिलेबी मागून घेतली. गौरी हसत होती. मला तर पंख्याचा वारासुद्धा गोड लागत होता. निघताना मी व्याह्यांच्या हाती आहेर ठेवला, आणि त्याच क्षणी मला मुष्टियुद्धाचा तिसरा नियम आठवला. हार मानणारे जगभर नुसता टॉवेल टाकतात. टॉवेलवर टोपी, टोपीवर नारळ ठेवून, वर वाकून नमस्कार करणारा मुष्टियोद्धा बहुधा मी एकटाच!