घरच्या माणसाची बदली

आमच्या फाउंड्रीचे मॅनेजर माझ्या लग्नात वाढायला होते. आहेर दिला, फोटो काढून घेतला आणि निघाले, असं नव्हे. शर्टाच्या बाह्या वर सारून, हातात आमटीची बादली घेऊन ते पंगतीतून फिरत होते आणि माझ्या सासरच्या बायकांना नको नको म्हणेपर्यंत आग्रह करत होते. सासऱ्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "असला साहेब हाय म्हटल्यावर तुला काय कमी न्हाय बघ." त्या दिवशी मलाही तसंच वाटलं होतं.

साहेब म्हटलेलं मात्र त्यांना खपत नसे. "साहेब वरच्या मजल्यावर बसत्यात. मला अण्णा म्हना." सीमाभागातल्या काकती गावच्या शेतकरी घरातला माणूस, हेल्पर म्हणून लागला आणि मॅनेजर झाला. आम्ही शेजारच्या कंग्राळीची पोरं त्यांना भावकीतलीच वाटायचो. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या बहिणीची सोयरीक मोडली, सगळं त्यांना ठाऊक. माझी आई दवाखान्यात होती तेव्हा घरून डबा घेऊन आले आणि तिच्या उशाशी बसून तिला हसवत राहिले. यातलं काहीच नाटक नव्हतं. नाटक असतं तर मी लवकर शहाणा झालो असतो.

मी फेटलिंगला होतो. साच्यातून काढलेल्या लोखंडी मालाला वाळू चिकटलेली असते, कडा निघालेल्या असतात. ते सगळं ग्राइंडरनं घासून माल साफ करायचा. धूळ अशी की समोरचा माणूस दिसत नाही. कंपनी मास्क द्यायची, पण घामानं तो तोंडाला चिकटला की जीव गुदमरायचा, मग गळ्यात लोंबत राहायचा. घरी जाऊन अंघोळ केली तरी थुंकी काळीच. खोकला जाईना म्हणून डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि सांगितलं, "झालं ते आता भरून येत नाही. पुढचं वाचवायचं असेल तर धुळीतून बाहेर पडा." बाहेर पडायचं म्हणजे डिस्पॅचला जायचं. तिथं उघडी शेड, पेट्या भरायच्या, गाड्या सोडायच्या. मधे फक्त एक भिंत होती.

आता आमच्याकडची रीत अशी, की आपल्या माणसाकडं काम असलं तर केबिनमध्ये जायचं नाही. केबिन परक्यांसाठी. आपल्यांनी गेटसमोरच्या टपरीवर, चहा घेता घेता विषय काढायचा. मी तसाच काढला. अण्णांनी बशी खाली ठेवली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "व्हय रं मारुती, तुझं करायचंच हाय. हे काय सांगाय लागतंय? एक जागा सुटू दे." मी तरंगतच घरी गेलो.

जागा सुटली. तिथं मालकांच्या ओळखीतला कुणीतरी आला. पुढं आणखी एक सुटली, ती केबिनमध्ये जाऊन टेबल आपटणाऱ्याला मिळाली. मी टपरीवर गाठलं, तर अण्णाच माझ्यावर वैतागले. "तो बाहेरचा मानूस, बोंबलत सुटतंय. तू घरचा हाईस, समजून घेतोस. आनि आपल्याच मानसाला आधी दिलो तर लोक काय म्हनतील? आपल्यांचं भरून घ्याय लागलाय म्हनत्यात." म्हणजे परका असतो तर बदली झाली असती. घरचा होतो म्हणून धूळ खात होतो. एवढी साधी गोष्ट कळायला मला कित्येक वर्षं लागली, कारण दरवेळी चहाचे पैसे तेच द्यायचे.

शेवटी बायकोनंच रेटलं. "चहा पिऊन बदली हुत न्हाय. केबिनमधी जावा." गेलो. आत ऑफिसातली दोघं-तिघं बसलेली होती. मी छातीचा फोटो पुढं केला. अण्णांनी तो पाकिटातून बाहेरसुद्धा काढला नाही. माझ्याकडं न बघता कन्नडमध्ये म्हणाले, "ईग आगंगिल्ल री." आत्ता जमणार नाही हो. जमणार नाही, हे मी पचवलं असतं. पण ते 'री' मला लागलं. माझ्या ताटात वाढणारा माणूस मला रस्त्यावरच्या अनोळखी माणसासारखं अहोजाहो करत होता. संध्याकाळी टपरीवर पुन्हा मराठी सुरू. "चारचौघांत माझी पंचाईत केलास रं. मी करनार न्हवतो काय?" आणि डोळ्यांत पाणी. खरं पाणी. मीच त्यांची समजूत घालत बसलो.

ते रिटायर झाले तेव्हा अख्खी फाउंड्री रडली. मीही रडलो. कशासाठी ते विचारू नका.

नवे साहेब धारवाडकडचे. मराठीचा एक शब्द येत नाही, कुणाच्या घरी पाणीसुद्धा प्यायला जात नाहीत. राऊंडला आले असता मी खोकताना दिसलो, तर केबिनमध्ये बोलावून घेतलं. फोटो बघितला, डॉक्टरांची चिठ्ठी वाचली आणि कन्नडमध्ये विचारलं, "आधी का सांगितलं नाही?" सांगितलं होतं, म्हटलं. त्यांनी माझं नाव पुन्हा एकदा विचारून लिहून घेतलं. त्याच आठवड्यात मी भिंतीच्या पलीकडं गेलो. मला मुलं किती, हे त्यांना आजही माहीत नाही.

पण आता मला पेटी उचलवत नाही. घरचा जिना चढताना मधे थांबावं लागतं. डिस्पॅचला मी टेबलाशी बसून गाड्या सोडतो, पोरं उचलतात. डॉक्टरांनी वाचवायला सांगितलेलं बरंचसं तोवर गेलं होतं.

गेल्या दिवाळीनंतर अण्णा घरी आले. थकलेत. बायकोनं फराळ पुढं ठेवला. मुलांची चौकशी झाली, शेताची झाली, मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "धाकट्या लेकीचा नवरा तुमच्या फेटलिंगला लागलाय रं. लेक रोज फोनवर रडतीया. त्या धुळीत मानसाची छाती ऱ्हात न्हाय, तुला तर ठावंच हाय. नवा साहेब तुझं ऐकतोय म्हनं. तेवढं डिस्पॅचला घ्याय सांग."

फेटलिंगच्या धुळीत माणसाची छाती राहत नाही, हे अण्णांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. म्हणजे त्यांना ते ठाऊक होतं. टपरीवर ठाऊक होतं, केबिनमध्ये ठाऊक होतं. आजवर मी स्वतःची समजूत घालत आलो होतो की भोळा माणूस आहे, त्याला काय कळतंय.

"सांगतो," मी म्हटलं. सांगणारही होतो, त्या पोरानं माझं काही बिघडवलं नव्हतं.

अण्णा उठले. आमच्याकडं वडीलधारा माणूस निघाला की रस्त्यापर्यंत सोडायला जातात. मी जागचा हललो नाही. बायकोच गेली. परत आली तशी म्हणाली, "अण्णा इचारत हुते, मारुती उठला न्हाय, दम लागतोय व्हय?"

"न्हाय," मी म्हटलं. "दम लागत न्हवता."