वायुकेतूची वेगळी चूल

आमच्या व्याह्यांच्या हयातीत दिघीतलं एकही घर फुटलं नाही, आणि ज्या भावांना वेगळं व्हायचंच होतं ते आधी दुसऱ्या तालुक्यात राहायला गेले आणि मग तिथे वेगळे झाले. व्याही म्हणजे माझ्या धाकट्या भावाचे सासरे. वडील लवकर गेल्यामुळे भावाचं लग्न मीच जमवलं, म्हणून त्यांच्या मुलाच्या वयाचा असूनही मी त्यांचा व्याही ठरलो. मी चिंचवडहून सायकल मारत वेशीत दिसलो की "या व्याही, या!" अशी जी हाक ते देत, ती मला एकदा पुढून आणि एकदा डोंगरावर आपटून मागून, अशी दोनदा ऐकू येई. दिघीच्या माळावर तेव्हा लष्कराचा गोळीबाराचा सराव चाले. व्याही बैलाला हाक मारत तेव्हा तोफा थांबत, असं गावात सांगतात. मी एवढंच म्हणेन की तोफा थांबलेल्या मी स्वतः ऐकल्या आहेत. कशामुळे थांबल्या ते लष्कराला ठाऊक.

एवढ्या आवाजाचा माणूस, पण वाटणीचं भांडण मिटवताना मात्र आवाज वापरत नसे. दोन भावांनी एकदा अंगणात मधोमध भिंत घालायला काढली. व्याह्यांनी समजूत घातली नाही की शिव्या दिल्या नाहीत. घोंगडी घेतली आणि पाया जिथे खणायचा त्याच रेघेवर जाऊन आडवे झाले. गवंडी म्हणाला, "तात्या, उठा की." तात्या घोरायला लागले. गवंड्याने दोन्ही टोकांकडून काम धरलं, म्हणाला मध्यावर येईपर्यंत उठतील. मध्यावर आला तरी हे घोरतच. मग जेवणवेळेला दोन्ही घरांतून ताटं आली, आणि तात्या आधी कोणाची भाकरी मोडतात यावरून दोन जावांत जी चढाओढ लागली तिच्यात मूळ भांडण वाहून गेलं. आजही त्या अंगणात दोन बाजूंना अर्धवट भिंती आहेत आणि मध्ये व्याह्यांच्या लांबीची वाट आहे. पाहुण्यांना ती आवर्जून दाखवतात.

तर असा हा माणूस वज्रनाथाच्या घराण्याच्या नादी लागला. पुण्याच्या एका साप्ताहिकात ही गोष्ट दर आठवड्याला क्रमशः येत असे. वज्रनाथ हा घरचा कर्ता. धावतं इंजिन तळहाताने थांबवायचा. त्याची बायको मेघावती हिने पदर झटकला की ढग गोळा व्हायचे. थोरला मुलगा वायुकेतू रात्रभर आभाळात उडून राज्याची राखण करायचा, धाकटा मनात आलं की टेकडीएवढा व्हायचा, आणि अख्खं घर मिळून दर आठवड्याला एका नव्या राक्षसाचं पारिपत्य करायचं. शाळेचे मास्तर मारुतीच्या पारावर बसून अंक मोठ्याने वाचत, आणि त्या दिवशी दिघीत तिसऱ्या प्रहरीच बैल सुटत. मेघावतीला शत्रूने कोंडलं तेव्हा व्याह्यांनी मारुतीला नारळ बोलला. धाकटा आजारी पडला तेव्हा यांनी तिखट सोडलं. मी एकदा म्हटलं, "व्याही, ही सगळी खोटी माणसं आहेत." तर माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी देहूरोडच्या डेपोत कारकुनी करतो याची मला लाज वाटली. म्हणाले, "खोटी हायती ते मलाबी ठावं हाय. पर एवढा बळाचा मानूस, एवढी देवावानी पोरं, आन् एका ताटात जेवत्यात. खऱ्या मानसांत दाखवा मला आसं घर!"

आणि अशा घरात एका आठवड्याला बॉम्ब पडला. मी तिथे नव्हतो, त्यामुळे तिथे असलेल्यांपेक्षा मला जास्त माहीत आहे. मास्तर रंगात येऊन वाचत होते. राक्षस मेला, वज्रनाथाने घाम पुसला, आणि तेवढ्यात वायुकेतू आभाळातून खाली उतरून बापाला म्हणाला, "बाबा, आजपासून माझी चूल वेगळी." क्रमशः.

पारावर बबन पैलवानाच्या तोंडातला पानाचा विडा तसाच खाली पडला. कोणी तरी म्हणालं, "मास्तर, चष्मा पुसा आन् परत वाचा." मास्तरांनी चष्मा पुसून परत वाचलं, चूल वेगळीच निघाली. मग मात्र ठकूमावशीने ऊर बडवला. "आगं माज्या मेघावते! ढग गोळा करनारी बाई तू, तुला सून राखता आली न्हाई गं!" एक जण मास्तरांनाच धरून बसला की हे तुम्ही मनचं घातलंत. त्या संध्याकाळी दिघीत चुली पेटल्या नाहीत, म्हशींनी पान्हा चोरला, आणि दोन सख्खे भाऊ एकमेकांकडे विनाकारण संशयाने बघू लागले. आमचे व्याही तर एक अक्षर बोलले नाहीत. त्यांचा आवाज सबंध संध्याकाळ ऐकू आला नाही म्हणून छावणीतून एक जवान चौकशीला आला होता, असं म्हणतात.

मला निरोप आला, "आसाल तसं या." मी तसाच निघालो. दारात सगळे खाली मान घालून बसलेले. "कोण गेलं?" मी विचारलं.

"गेलं न्हाई," व्याही म्हणाले. "निघालं."

"कोण?"

"वायुकेतू. येगळा."

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही, कारण मला एक गोष्ट ठाऊक होती जी त्या घरात व्याही सोडून सगळ्यांना ठाऊक होती. व्याह्यांचा थोरला मुलगा सोपान पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागला होता. त्याला कंपनीच्या कॉलनीत क्वार्टर मिळाली होती, आणि तिची किल्ली किती तरी दिवस त्याच्या खिशात होती. माझ्या भावजयीने, म्हणजे त्याच्याच बहिणीने, मला हे रडत सांगितलं होतं. सोपानला आईबापाचा कंटाळा आला नव्हता. त्याला झोप हवी होती. रात्रपाळी करून तो काट्याकुट्यांतून सायकल हाकत सकाळी घरी येई आणि आडवा होई. पण त्या घरात दिवसा झोपणारा माणूस म्हणजे एक तर आजारी नाही तर मेलेला. त्यामुळे जाणारायेणारा प्रत्येक जण त्याच्या कपाळाला हात लावून बघे. आजी उठवून काढा पाजी. पोरं अंगावरून उड्या मारत. आणि एवढ्यातून डोळा लागलाच, तर व्याही ओसरीवरून दणक्यात सांगत, "आरं, गप बसा रं! माजं लेकरू निजलंय!" आणि लेकरू उठून बसे. सोपान वाळून काठी झाला होता. पण ज्या बापाने अख्ख्या गावात भिंत होऊ दिली नाही, त्याच्यापुढे किल्ली काढायची कशी?

दुसऱ्या दिवशी व्याह्यांनी पारावर पंचायत बोलावली. विषय : वज्रनाथाच्या घरची वाटणी. कोणालाही यात काही वावगं वाटलं नाही. लेखक पुढच्या आठवड्यात काय ते लिहीलच, पण तो पुण्याचा; त्याला वाटणीतलं काय कळतं, असं सर्वांचं मत पडलं. पुरुष पारावर, बायका देवळाच्या ओट्यावर, मध्ये व्याही. मास्तरांनी तक्रार वाचून दाखवली.

बबन पैलवान म्हणाला, "इंजान थांबवायचं बळ बापाचं, त्ये बापाकडं. पर उडनं ही पोराची सोताची कमाई हाय. ती वाटनीत येत न्हाई."

"कमाई?" ठकूमावशी ओट्यावरून कडाडली. "आईचं दूध पिल्याबिगार उडला व्हय रं त्यो? आन् ढगांचं काय? ढग धाकट्याच्या रानावर पडायचं का थोरल्याच्या?"

"ढग आईचं. आई जिती हाय तवर ढगाला हात न्हाई लावायचा."

तास गेला. ढगांचे तंटे मिटेनात. शेवटी व्याह्यांनी हात वर केला. "सगळं बापाकडनं बोलताय. वायुकेतूच्या बाजूनं कोन हाय का?"

मग सगळ्यांच्या मागून, सायकल भिंतीला टेकवून, सोपान पुढे आला. "मी बोलतो," म्हणाला.

"बोल."

"वायुकेतूचं आईबापाशी भांडान न्हाई. त्याला रातभर जागावं लागतं. दिसा त्यानं निजायचं कवा?"

"घरात निजावं की. घर काय ल्हान हाय?"

"घर मोठं हाय. पर मानसं लई. आन् बाप लई मोठ्यानं बोलतो."

पारावर कोणी तरी हसलं आणि लगेच खोकलं. व्याही म्हणाले, "वज्रनाथ मोठ्यानं बोलतो आसं कुठं छापलंय? मास्तर, छापलंय का?"

"नाही छापलं," मास्तर म्हणाले.

"छापलं न्हाई. पर बोलतो," सोपान म्हणाला.

"मंग बापाला सांगायचं तसं त्यानं."

"कसं सांगनार? बाप इंजान थांबवतो, आबा. इंजान थांबवनाऱ्याम्होरं पोरगं काय बोलंल?"

व्याह्यांनी खांद्यावरची घोंगडी सावरली. मग विचारलं, "जागा बगितलीया का त्यानं?"

"बगितलीया."

"कुठं?"

"पिंपरीला."

हे ऐकून जो धक्का बसला त्यापुढे आधीचा काहीच नव्हता. ठकूमावशीचा हात ऊर बडवायला उठला आणि मध्येच राहिला. वज्रनाथाचा मुलगा पिंपरीला कुठून आला, असं एकाही माणसाने विचारलं नाही. मी माझ्या चपलेचा अंगठा नीट करू लागलो.

व्याही म्हणाले, "नळ हाय का तिथं?"

"हाय. घरातच."

"वायुकेतूच्या बायकूला पसंत हाय?"

ओट्यावर बायकांच्या घोळक्यात सोपानची बायको गोदा बसली होती. ती पदर पुढे ओढून रडायला लागली. ते रडणं होय होतं की नाही होतं, हे बायकांनाच कळलं असावं, कारण ठकूमावशीने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि पाराकडे बघून मान हलवली.

मग व्याह्यांनी निवाडा दिला, आणि तो इतक्या हळू दिला की मागची माणसं "मोठ्यानं बोला, तात्या" म्हणून ओरडली. मास्तरांना तो पुन्हा सांगावा लागला. बळ बापाकडे, ढग आईकडे, उडणं वायुकेतूचं त्याच्याकडे. त्याने खुशाल जावं, पण भांडून नव्हे, सांगून जावं. सणाला जोडीने यावं. "आन् येगळ्या चुलीचा पयला इस्तू," व्याही म्हणाले, "वज्रनाथानं आपल्या घरनं सोता न्यावा. गड्याबरुबर धाडायचा न्हाई."

सामान हलवायचा दिवस आला तो नेमका नव्या अंकाचा. बैलगाडीत ट्रंक, वळकटी, जातं चढवून झालं. सोपान रात्रपाळी करून परस्पर क्वार्टरवर जाणार होता. व्याही एका मडक्यात शेणीची राख घालून तिच्यात चुलीतले निखारे पुरत होते. एवढ्यात मास्तर अंक फडकवत धावत आले. "तात्या! वायुकेतू तो नव्हेच! शत्रूने त्याच्यावर भूल टाकली होती! भूल उतरली, बापाच्या पाया पडला, वाटणी रद्द!" अर्धं गाव मागे. पैलवानाने मास्तरांना उचलूनच घेतलं. "निवाडा फिरवा, तात्या! गाडी सोडा!" गोदेचा चेहरा पांढराफटक पडला.

व्याह्यांनी मडक्यावर झाकण ठेवलं. "लेखकाला काय," म्हणाले, "तो आटवड्याला फिरवील. आमी बोललो ते बोललो. हाक रे गाडी."

गोदा गाडीत बसली, पण हिसका बसून निखारे सांडतील म्हणून व्याही चालत निघाले. मडकं छातीशी. मी सायकल हातात धरून बरोबर. भोसरीपर्यंत ते दर बांधाला झाकण उचलून आत बघत. मी म्हणायचो, "व्याही, सारखं उघडू नका, वारं लागतं." ते म्हणायचे, "बगाया नगं व्हय, हाय का न्हाई?" भोसरीत पिंपळाखाली बसलेल्या एकाने विचारलं, "काय नेताय, तात्या?" "इस्तू." "आन् पिंपरीत काडीपेटी मिळंना व्हय?" दुसरा कोणता दिवस असता तर त्या माणसाचं काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही. त्या दिवशी व्याही नुसते पुढे गेले.

कॉलनीत सगळी दारं सारखी, सगळ्या भिंती सारख्या. व्याही दारात उभे राहिले ते आत जायला धजेनात. एका खोलीत सोपान उताणा पडून झोपला होता. असा गाढ, की कामावरचे बूटसुद्धा काढले नव्हते. व्याह्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि बोटानेच मला गप्प राहायला सांगितलं. मी काही बोलत नव्हतो.

गोदेने मडकं घेतलं आणि नव्या चुलीपाशी आमच्याकडे पाठ करून बसली. झाकण काढलं. मी दारातून पाहिलं. नुसती पांढरी राख होती. तिने फुंकर मारली. पुन्हा मारली. काटकीने राख उलटीपालटी केली.

"हाय का गं?" व्याह्यांनी विचारलं. एवढ्या हलक्या आवाजात बोलताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, आणि नंतरही फारसं नाही.

"हाय, मामंजी," ती म्हणाली. "हाय की. धुगधुगतंय." आणि तिचा हात सावकाश कोनाड्याकडे गेला. तिथे काड्यांची पेटी होती.

व्याही चटकन वळले, मोरीपाशी गेले आणि त्यांनी नळ पूर्ण सोडला. पाणी रिकाम्या बादलीत दणादणा पडायला लागलं. त्या आवाजात दुसरं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. व्याही पाण्याच्या धारेकडे बघत उभे राहिले. "पानी चांगलं हाय हां," ते मला म्हणाले. "लई चांगलं हाय."

चुलीतून धूर निघाला तेव्हा त्यांनी नळ बंद केला.