चांदणी लावलेलं नाव

विमलबाईंना कोणतीही लग्न झालेली बाई भेटली की चहापाणी नंतर, आधी हा प्रश्न : "माहेरचं नाव काय वं तुहं?" मी अनसिंगच्या शाळेत रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला हजेरीपटाजवळच गाठलं. मी सांगितलं, "अर्चना." "ते तं सासरचं झालं. आंधीचं सांग." लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने 'अर्चना' लिहिलं, तेव्हाच माझं जुनं नाव संपलं होतं. मी पुटपुटले, "रेणुका." झालं, बाईंसाठी मी कायमची रेणुका. मला आधी रागच यायचा. म्हटलं, काय भोचक बाई आहे!

बाई भूगोल शिकवायच्या. निवृत्तीनंतर पृथ्वीचा एक जुना गोल त्यांनी घरी आणला. त्यांचा भाचा मालवाहू जहाजावर होता. एकदा त्याने व्हिडिओ कॉलवर तिथल्या फिलिपिनो स्वयंपाक्याची ओळख करून दिली. दुसऱ्या कोणी तिकडचं हवापाणी विचारलं असतं. बाईंनी भाच्याकरवी विचारलं, "तुमच्याकडं बाईले काय म्हनते?" तो म्हणाला, "बाबाए." तेव्हापासून बाईंना या एका शब्दाचा देशोदेशी माग काढायचं वेड लागलं.

"म्हणजे आपली 'बाई' त्यातलीच की!" मी खिजवलं. "सारखं दिसलं म्हनून सोयरं होते काय?" बाई फणकारल्या. "तुह्या वर्गात दोन पूजा हायेत, त्या बहिनी हायेत काय?"

रविवारी दुपारी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायची. अंगणात सोयाबीनचा ढीग, त्याचा उबट वास, आणि बाईंचं बोट गोलावरच्या निळ्या पाण्यातून हळूहळू सरकायचं. "सामोआत फाफिने. न्यूझीलंडच्या माओरीत वाहिने. इकडं पार मादागास्करात वावी. तैवानातून होड्यात बसून निंघाले हे लोक. मंग कोनी कोनाचं तोंड पाह्यलं नाई, पन शब्द एकाच घरचा." ऐकता ऐकता माझे डोळे जड व्हायचे आणि तो ओटाच पाण्यावर डुलतोय असं वाटायचं. वाशीमच्या माणसाला समुद्र असा भेटला तरी पुष्कळ.

हे सगळे शब्द त्या एका वहीत उतरवत. त्यात सगळ्यांच्या वर त्यांनी लिहिलं होतं 'बिनाही', आणि त्याच्यापुढे एक चांदणी. "चांदनी म्हनजे हा शब्द जित्या मानसाच्या तोंडून कोनी आयकला नाई. लेकींवरून मायचा अंदाज काढला."

वहीच्या शेवटच्या पानावर मात्र पेन्सिलीने नुसती चांदणी होती, पुढे कोरी जागा. ती त्यांच्या आईची. सासूने उंबरठ्यावरच तिचं नाव बदलून सुभद्रा केलं. जुनं नाव कोणी घ्यायचं नाही, असा त्या घरचा रिवाज. विमल चार वर्षांची असताना ती गेली. मामा गेले, मावश्या गेल्या, कागदोपत्री सगळीकडे सुभद्राच. "चार-पाच हजार वर्षांचा शब्द सापडते, अन् माह्या मायचं नाव सापडत नाई," बाई म्हणायच्या. "मले मराच्या आंधी तिले एकदा तिच्या नावानं हाक माराची हाये."

गेल्या हिवाळ्यात कळलं की आईच्या माहेरी, मेडशीला, तिच्यासोबत खेळलेली गयाबाई अजून आहे. आम्ही एसटीने गेलो. गयाबाईच्या सुनेने दारातच सांगितलं, "त्यायले काही याद नाई राह्यत. पोटच्या पोराले वळखत नाईत." बाईंचा चेहरा उतरला. पण आत गेलोच.

गयाबाई उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. बाई वही उघडून वाकल्या. म्हातारीने मान वर केली, कितीतरी वेळ बघत राहिली आणि एकदम तिचं तोंड फुललं.

"अवं कौतिके! कवाची वाट पाहून राह्यली मी तुही! अन् इमल कुठं हाये? पोरीले घरीच ठिवून आली काय?"

मी चूक सुधारायला तोंड उघडलं. बाईंनी माझा हात घट्ट दाबला. त्या म्हातारीजवळ टेकल्या. "हाव, घरीच हाये इमल," त्या कशाबशा म्हणाल्या. "मोठी झाली आता." आणि दुपारभर त्या कौतिक होऊन शेंगा सोलत बसल्या. मी सुपाआड डोळे पुसले.

परतीच्या एसटीत त्यांनी वही मांडीवर घेतली, चांदणी खोडरबराने पुसली आणि तिथे 'कौतिक' लिहिलं. मग खिडकीकडे तोंड करून कितीतरी वेळ हलक्या आवाजात आईला हाका मारल्या.

यंदा पोळ्यानंतर बाई गेल्या. पुण्यानुमोदनाला त्यांच्या मुलाने फोटोखाली लिहिलं होतं : विमल, कौतिकची मुलगी. वंदना झाली, खीर वाटली, लोक पांगले. मी घरी आले आणि चप्पल काढताना लक्षात आलं, माझे आईवडील कधीच गेले; मला रेणुका म्हणणारं आता एकही माणूस उरलं नाही.

लेक स्वयंपाकघरात चहा करत होती. तिला म्हटलं, "माझं माहेरचं नाव रेणुका. एकदा मोठ्याने हाक मार बरं."

"काहीतरीच तुझं!" ती हसली. मग भांड्यांचा आवाज थांबला आणि आतून हाक आली, "रेणुका!"

मी ओ दिली.