विष्णूकाकांचा मुका सिनेमा

विष्णूकाका नवख्या गिऱ्हाइकाला पाण्याच्या ग्लासाबरोबरच सांगून टाकत, "म्या शिनेमात काम केलं हाये, बरं का!"

अमडापूरच्या स्टँडसमोर त्यांचं आलूबोंड्यांचं हॉटेल होतं. मी गावच्या शाळेत मास्तर; शाळा सुटली की तिथे चहाला टेकायचो. काकांच्या तरुणपणी बुलढाण्याच्या एका फोटोवाल्याने याच हॉटेलात मुका विनोदी सिनेमा काढला होता म्हणे. तो कुणीच पाहिलेला नव्हता. मी त्यांना मुद्दाम 'हीरो' म्हणायचो. कमलकाकू तर कढईपाशी बसून सगळ्यांदेखत म्हणत, "लगनाच्या आंधीच्या थापा हायेत साऱ्या!" काका हसत, पण त्यांचा चेहरा उतरायचा. गावाचं त्यांना काही नव्हतं. बायकोने मानावं, एवढीच बिचाऱ्यांची आस होती.

आणि परवाच्या उन्हाळ्यात त्या फोटोवाल्याच्या नातवाला माळ्यावर रिळाचा डबा सापडला! शाळेच्या भिंतीवर सिनेमा लावला. सारा गाव लोटला. भिंतीवर फाटक्या अंगाचे, मिशाळ काका दोन हातांत दोन किटल्या घेऊन आले आणि केळीच्या सालीवरून थेट गिऱ्हाइकाच्या मांडीत बसले. टाळ्या, शिट्ट्या!

मग मारामारी. गिऱ्हाइकांनी एकमेकांना बोंडे फेकून मारायचे, असं ठरलं होतं. पण फेकेना कुणीच. एकाने दुसऱ्याला आडवं पाडलं, छातीवर बसला आणि त्याच्या तोंडात बोंडा कोंबला! तिसरा पळाला, तर त्याला धोतराला धरून आणलं आणि त्यालाही बोंडा भरवला.

"अन्न फेकतेत का कुठी?" काका भिंतीपुढे उभे राहून ओरडत होते. "फोटोवाला म्हने, फेका. आमी म्हनलं, फेकत नसतो, खाऊ घालतो!"

हसून हसून माझ्या पोटात कळ आली. काकूंनी तोंडात पदर कोंबला होता. तो काढून त्या म्हणाल्या, "अवो, हे तं खरंच तुमी!"

"हाव. मंग कोन राहीन?" काका म्हणाले आणि लहान पोरासारखे रडले. मला फार बरं वाटलं.

दिवाळीआधी काका गेले. तेराव्याच्या पंगतीत आग्रह करत नाहीत. आम्ही माना खाली घालून मुकाट जेवत होतो. तेवढ्यात काकू लाडवांचं ताट घेऊन आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि एका हाताने माझी हनुवटी धरून त्यांनी अख्खा लाडू माझ्या तोंडात कोंबला.

"खा, गुरुजी," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "हीरोचं घर हाये हे."