पत्र त्यांचं, अक्षर माझं

“आता ओळखा, ही कोणाकडची असेल?”

साहेबांनी पाहुण्यांना विचारलं. धरमपेठेतल्या बंगल्याचा व्हरांडा. वेताच्या खुर्च्यांवर तिघं बसलेले. मी पायरीवर. मी नुकताच पेपरातला अग्रलेख वाचून दाखवला होता. एकजण म्हणाला, चांगल्या संस्कारी घरातली दिसते. दुसऱ्यानं दोन-तीन आडनावं घेऊन पाहिली. साहेब हसले.

“अहो, इंदोऱ्याची आहे. त्यांच्यातली.”

“वाटत नाही हो!”

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. जत्रेत बोलणारा पोपट पाहावा तसं. आणि मी हसले. कौतुक झालं म्हणून हसले. त्यांच्या बोलण्यापेक्षा त्या हसण्याची लाज मला जास्त वाटते. अजून वाटते.

तेव्हा मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. इंदोरा ही आमची वस्ती. बाबा कापडगिरणीत. आईबाबांनी धम्म घेतला तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. म्हणजे मी जन्मानंच बौद्ध. त्या बंगल्यात मात्र ‘त्यांच्यातली’.

साहेब मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. काचबिंदूनं डोळे गेले होते. कॉलेजातल्या सरांनी माझं अक्षर पाहून मला त्यांच्याकडे पाठवलं. रोज सकाळी सायकलनं जायचं. पेपर वाचून दाखवायचा. मग साहेब सांगतील ते पत्र संपादकांच्या नावानं लिहायचं. साहेबांना सगळ्यावर मत होतं. तुंबलेल्या नाल्या, उशिरा येणारी बस, पोरांची बेशिस्त. पत्र छापून आलं की मीच ते त्यांना वाचून दाखवायची. खाली त्यांचं नाव.

त्यांच्या पत्नी माई आत वावरायच्या. मी कधी आत गेले नाही. जाऊ नको, असं कोणी म्हटलं नव्हतं. ये, असंही म्हटलं नव्हतं.

एका सकाळी साहेबांनी सवलतींवर पत्र सांगितलं. ‘सवलतींमुळे या समाजातला माणूस...’ इथं ते अडले. “आळशी नको. जरा भारदस्त शब्द हवा.”

मी म्हणाले, “परावलंबी?”

“वा! लिही.”

मी लिहिलं. सुंदर अक्षरात लिहिलं. घरी येताना माझ्या मनात एकच गोष्ट होती. माझा शब्द छापून येणार.

आला. आमच्या वस्तीत एक वाचनालय होतं, पत्र्याच्या खोलीत. तिथं एक शिक्षक संध्याकाळी सगळ्यांना पेपर वाचून दाखवायचे. बाबांना वाचता येत नव्हतं. पाळी संपली की ते थेट तिथं यायचे. भुवयांत कापूस तसाच. त्या दिवशी मीही दारात उभी होते. शिक्षकांनी साहेबांचं पत्र वाचलं. बाबांनी विचारलं, “परावलंबी म्हनजे काय गा?”

“दुसऱ्याच्या जिवावर जगणारा.”

बाबा म्हणाले, “आपन दुसऱ्याच्या जिवावर जगतो काय गा?”

मला उत्तर येत होतं. मी दारातून मागं सरकले. दुसऱ्या दिवशी सकाळी परत बंगल्यावर गेले. गेले, हे लपवत नाही.

पुढं मराठवाड्यातून बातम्या यायला लागल्या. विद्यापीठाच्या नावावरून वस्त्या पेटत होत्या. पेपरात कोपऱ्यात चार ओळी यायच्या. पण आमच्या शेजारच्या काकूंची भाची तिकडून पळून आली होती, दोन लेकरं घेऊन. ती सांगत होती, “ज्याच्या वावरात मी निंदाले जायची, त्याच्याच पोरानं घासलेट ओतलं.” रडत नव्हती. नुसतं सांगत होती.

साहेबांना मी त्या चार ओळी वाचून दाखवल्या.

“अतिरंजित आहे सगळं. कागद घे. लिही. भरपाई मिळावी म्हणून हे लोक आपली घरं आपणच पेटवतात...”

माझं पेन थांबलं. साहेबांना दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं.

“लिहिलंस?”

“नाही.”

“का?”

“खोटं आहे.”

ते समजुतीच्या सुरात म्हणाले, “अगं, हे तुझ्याबद्दल नाही. तू वेगळी आहेस.”

“मी वेगळी नाही, साहेब. परावलंबी शब्द मी दिला होता. त्या दिवशी माझे बाबा ते ऐकत बसले होते.”

“कोणता शब्द?”

त्यांना आठवतही नव्हतं. मी कागद खाली ठेवला आणि उठले. मागून आवाज आला, “माई, जरा बाहेर या. पत्र लिहायचंय.”

ते पत्र छापून आलं. मी नकार दिल्यानं काही अडलं नाही.

कागद ठेवून आले त्याच संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी एकच विचारलं, “तो शब्द तूनं देल्ला?”

“हो.”

चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आई म्हणाली, “जाऊ द्या ना, लेकरू आहे.” बाबा म्हणाले, “शिकलेली हाये. लेकरू नाही.”

पाचव्या दिवशी मी पत्र लिहिलं. पहिल्यांदा माझं. खाली माझं नाव, बापाचं नाव, वस्तीचा पत्ता. वाचनालयात सगळ्यांसमोर उभी राहून वाचलं. ‘अनेक गावांत घरं जाळली गेली असावीत...’

“थांब,” बाबा म्हणाले. “असावीत काहून वं? तुले मालूम नाही काय, जळाली का नाही?”

भाची भिंतीशी बसली होती, मांडीवर लेकरू घेऊन. मी तिच्याकडे पाहिलं. ‘असावीत’ खोडलं.

“आन् जाळली गेली म्हनजे? आपोआप गेली काय? कोनं जाळली ते लिव.”

ती भाषा मी त्या व्हरांड्यात शिकले होते. ज्या वाक्यात जाळणारा माणूस दिसतच नाही, ती भाषा. मी सगळी ओळ खोडली. भाचीजवळ जाऊन बसले. गावाचं नाव विचारलं. वावराच्या मालकाचं विचारलं. पोराचंही विचारलं. ती एक-एक सांगत गेली, मी लिहीत गेले.

पत्र छापलं नाही. दुसरं पाठवलं. तेही नाही. मी पेपरच्या कचेरीत जाऊन विचारलं. तिथला माणूस म्हणाला, “नावं काढा, मग बघू.”

मी नावं काढली नाहीत. तिथंच बाकावर बसून तिसरं लिहिलं, आणि त्याच्या टेबलावर ठेवून आले.