मस्कतचं चॅनल, दिघीच्या अंगणात

बाबांनी उमेदीची सगळी वर्षं मस्कतच्या बंदरात क्रेन चालवली. कायमचे दिघीला परतल्यावर त्यांना एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे तिकडचं टीव्ही चॅनल. बोर्लीच्या डिशवाल्याने हात वर केले. "इथं ते न्हाय लागायचं." मग मीच एक जुनी, मोठी डिश मिळवली, मोबाइलवर व्हिडिओ बघून दिशा समजून घेतली आणि ती स्लॅबवर बसवली.

पण पश्चिमेला शेजारच्या काकांचे माड आडवे येत होते. झावळ्या हलल्या की सिग्नल गायब. बाबा म्हणाले, "राहू दे गं. त्यापायी माड तोडायचे काय?"

मी डिश उतरवली आणि अंगणाच्या टोकाला, विहिरीच्या कठड्याजवळ नेली. तिथून माडांच्या फटीतून आकाश मोकळं दिसत होतं. बाबांनी खांब धरला, मी डिश कणाकणाने सरकवत राहिले आणि आई खिडकीतून ओरडत राहिली, "न्हाय... अजून न्हाय... अगं थांब! माणूस दिसतोय!"

आम्ही धावतच आत गेलो. पांढऱ्या झग्यातला निवेदक बातम्या देत होता. बाबा उभ्या उभ्याच त्याला अरबीत उत्तरं द्यायला लागले, मोठ्याने, हातवारे करत. इतक्या वर्षांच्या संसारात आईने ती भाषा त्यांच्या तोंडून कधी ऐकलीच नव्हती.

"अहो, तुम्ही तिकडे असं बोलायचात?"

"व्हय," बाबा छाती काढून म्हणाले, "आणि लोक ऐकायचे!"

आई हसत त्यांच्या शेजारी बसली. मी बाहेर जाऊन डिशचे सगळे नट घट्ट आवळले.