वायर म्हणजे मुख्य लाइन

कामरगावात माझ्याइतकं कॉम्प्युटरमधलं कोणाला कळत नाही, असं मला कामरगाव सोडून कुठेही सांगता येतं.

त्या दिवशी आमच्या पल्लवीचा नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरायचा होता. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. राहिला की वर्ष गेलं. घरात इंटरनेट दोन: एक भिंतीला भोक पाडून मी स्वतः ओढलेल्या वायरीचं, दुसरं बायकोच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटचं. आम्ही भाजी पिकवणारे. विहीर आणि बोअर एकाच टाक्यात सोडलं की टाकं लवकर भरतं, हा आमचा अनुभव. म्हणून मी दोन्ही नेट एकदम जोडली. (माझं शास्त्र इथेच संपलं.)

पान काही उघडेना. नुसतं चक्र फिरत राहिलं.

"बाबा, वायरीतलं नेट बंद दिसते," पल्लवी म्हणाली. "पण कॉम्प्युटर तिलेच धरून बसला. वायर काढा, म्हंजे मोबाइलचं घेईन तो."

"तुले काय समजते? वायर म्हणजे मुख्य लाइन. नेटच्या डब्यावरचा लाइट जळून राह्यला, दिसत नाही काय?"

लाइट जळत होता हे खरं. पण गावाबाहेर नालीच्या खोदकामात केबल सकाळीच तुटली होती, हे त्या लाइटलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही! मी कॉम्प्युटर चारदा बंद-चालू केला. साडेचार वाजले.

"अहो, पोरगी सांगून राह्यली तर ऐका ना," बायको म्हणाली. "तुमच्या मुख्य लाइनीपायी तिचं वर्ष जाईन."

पल्लवीचे डोळे भरून आले होते. पण माघार घेणं आमच्या घराण्यात नाही. (शहाणपणही नाही.) वायर कुठे दबली का ते पाहायला मी टिनाच्या छपरावर चढलो, पाय घसरला, आधाराला वायर धरली आणि वायरीसकट मेथीच्या वाफ्यात उतरलो. आत कॉम्प्युटरमधली तिची पिन उपटून निघाली.

"आलं, नेट आलं!" आतून पल्लवी ओरडली.

"अरे, मले उचला कोणी," मी वाफ्यातून म्हणालो.

"थांबा बाबा, आधी फॉर्म भरू द्या."

पाचला दहा कमी असताना फॉर्म गेला. मग बायको बाहेर आली, आधी मेथीकडे पाहिलं, हळहळली, आणि नंतर मला हात दिला.

आता घरात महत्त्वाचं काही भरायचं असलं, की पल्लवी आधी कॉम्प्युटरची वायर काढते आणि मग मला घराबाहेर काढते.